ताऱ्यांचा हिशेब खाणीपासून हवा

संपादक महोदय,

हरित पोलादावरील आपली बातमी वाचली. तीत सरकारच्या ताऱ्यांच्या श्रेणीला 'संपूर्ण जीवनचक्राचे', म्हणजे खाणीपासून शेवटापर्यंतच्या परिणामांचे, 'मोजमाप' म्हटले आहे, म्हणून हे पत्र.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. टनभर तयार पोलादामागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तर तीन तारे, २ टनांखाली चार, १.६ टनांखाली पाच. कोळशाचा कोक करणे, खनिजाच्या भुकटीचे गोळे (सिंटर, पेलेट) करणे, भट्टी, वीज हे सगळे त्यात धरले आहे. खाणकाम आणि वाहतूक मात्र स्पष्टपणे वगळली आहे.

आम्हा गडचिरोलीकरांना नेमके हे वगळलेलेच रोज दिसते. सुरजागडचा लोहखाणीचा डोंगर, आलापल्ली-आष्टी रस्त्यावर लोहखनिज वाहून नेणारे ट्रक, त्यात जळणारे डिझेल. ताऱ्यांच्या तक्त्यात यातले काहीच नाही. ज्याचा कोक होतो त्या कोकिंग कोळशाचेही तसेच. तो आपण बहुतांश आयात करतो, त्यातला मोठा भाग ऑस्ट्रेलियातून. जहाजाचे इंधन हिशेबाबाहेर आणि कोळसा खणताना सुटणारा मिथेनही बाहेर. वीस वर्षांच्या मुदतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, तेव्हा त्याला किरकोळ म्हणून सोडता येणार नाही.

कार्बनपुरते बोलायचे तर सिंहाचा वाटा भट्टीचाच, हे मान्य. पण जीवनचक्र म्हणजे नुसता कार्बन नव्हे. पाणी, धूळ, गेलेले जंगल यांना या ताऱ्यांत जागाच नाही. जालन्यात भंगार वितळवून केलेल्या सळईमागे खाण जवळपास नसतेच. तिथे प्रश्न येतो विजेचा, आणि भंगारात किती स्पंज आयर्न (खनिजापासून थेट केलेले लोखंड) मिसळले त्याचा. शिवाय झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, सिमेंटला जातो आणि तेवढा चुनखडक भाजणे वाचते. त्यातून वाचलेला कार्बन पोलादवाल्याने मोजायचा की सिमेंटवाल्याने? दोघांनीही मोजला तर कागदावर बचत दुप्पट! जीवनचक्र मोजण्याच्या आयएसओ १४०४४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हिशेबाची हद्द आणि अशी वाटणी उघड सांगावी लागते.

ताऱ्यांच्या या मर्यादांचा दर तीन वर्षांनी फेरविचार होणार आहे. त्या वेळी खाण, मिथेन आणि वाहतूक यांचे आकडे, ताऱ्यांत धरले नाहीत तरी, प्रमाणपत्रावर वेगळ्या रकान्यात छापावेत. आणि तोवर आपल्या बातम्यांत 'जीवनचक्र' हा शब्द जरा जपून वापरावा, ही विनंती.

– एक निवृत्त अभियंता, गडचिरोली