संघामागे धावण्यापेक्षा एका शहरातला मुक्काम बरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉल विश्वचषकाला जाऊ इच्छिणाऱ्या प्रेक्षकांसाठी आपल्या क्रीडा पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात तिकिटांचे टप्पे आणि स्टेडियमची आसनक्षमता यांची माहिती भरपूर होती. परंतु जावे की न जावे या विचारात पडलेल्या माणसाला जो प्रश्न खरोखर छळतो, त्याला लेखात कुठेच जागा मिळालेली दिसली नाही. आपला संघ बाद फेरीत कोणत्या शहरात खेळेल, किंबहुना तिथवर पोहोचेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते आणि पैसे मात्र कित्येक महिने आधी भरावे लागतात, हा तो प्रश्न.

२०१८ साली मी रशियाला गेलो होतो. माझा संघ जर्मनी गतविजेता होता, एफ गटात होता आणि त्या गटात पहिला येणारा संघ ३ जुलैला सेंट पीटर्सबर्गला खेळणार, हे वेळापत्रकात आधीच छापलेले होते. तेव्हा फार डोके न चालवता मी त्या सामन्याचे तिकीट घेऊन टाकले. २७ जूनला कझानमध्ये दक्षिण कोरियाने भरपाई वेळेत दोन गोल करून जर्मनीला घरी पाठवले, आणि त्याच वेळी येकातेरिनबुर्गला मेक्सिकोवर ३-० अशी मात करून स्वीडनने गट जिंकला. परिणामी ३ जुलैला स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या पाठीराख्यांमध्ये मी जर्मनीची पांढरी जर्सी घालून बसलो होतो, कारण दुसरी जर्सी माझ्याकडे नव्हतीच. शेजारच्या स्वीडिश गृहस्थांनी माझ्या जर्सीकडे बोट दाखवले, तळहाताने विमान उडाल्याची खूण केली आणि मग आम्ही दोघेही हसलो. स्वीडनच्या फोर्सबर्गचा फटका स्विस बचावपटूच्या पायाला लागून जाळ्यात गेला, तेवढ्या एका गोलावर सामना संपला, आणि खरे सांगायचे तर मला त्या दिवसाचा जराही पश्चात्ताप नाही. मी सेंट पीटर्सबर्गलाच मुक्काम ठेवला होता आणि तिथे जो सामना होईल तो पाहायचा, असे ठरवून गेलो होतो. माझ्याबरोबरच्या मित्राने मात्र जर्मनीची पुढची वाट गृहीत धरून उपान्त्यपूर्व सामन्यासाठी समारामध्ये खोली घेऊन ठेवली होती. तिचे पैसे बुडाले.

हा अनुभव एवढ्यासाठी लिहिला की, २०२६ च्या स्पर्धेची आखणी पाहता ही अडचण कितीतरी पटींनी वाढलेली आहे. ४८ संघ, १२ गट, १०४ सामने आणि तीन देशांतली १६ शहरे. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ तर पुढे जातातच, शिवाय तिसऱ्या क्रमांकावरच्या १२ संघांपैकी सर्वोत्तम आठ संघही जातात. या १२ मधून आठ निवडण्याचे ४९५ प्रकार होतात, आणि त्यांपैकी कोणता प्रकार प्रत्यक्षात उतरला यावर तिसऱ्या क्रमांकाच्या संघाचा पुढचा सामना कोणाशी आणि कुठे हे ठरते. म्हणजे ज्या संघाचे गटातले सामने लवकर आटोपले, त्याच्या पाठीराख्यांनी बाकीचे गट संपेपर्यंत सामान बांधून बसून राहायचे, आणि निकाल लागताच व्हँकुव्हर की अटलांटा, बोस्टन की मेक्सिको सिटी याची विमाने शोधायची. ऐन वेळी विमानाचे भाडे काय असते, हे सांगायला नको.

कतारला २०२२ मध्ये आठही स्टेडियम दोहा आणि त्याच्या आसपासच होती, त्यामुळे सौदी अरेबियाकडून पहिलाच सामना हरलेल्या अर्जेंटिनाचे पाठीराखे मुक्काम न हलवता थांबू शकले आणि १८ डिसेंबरला त्यांनी विश्वचषक उचललेला पाहिला. रशियात अंतरे मोठी होती, परंतु तिकीटधारकांना यजमान शहरांदरम्यान रेल्वेप्रवास मोफत होता आणि गळ्यात अडकवलेले फॅन आयडीचे कार्ड हाच व्हिसा होता. कतारच्या हय्या कार्डानेही तेच काम केले. २०२६ साठी तसे एकच कार्ड नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचे प्रवेशाचे नियम आपापले आहेत, आणि सामन्याचे तिकीट हातात असले म्हणून व्हिसा मिळेलच असे नाही. व्हिसा नाकारला गेला तर तिकीट फिफाच्या अधिकृत पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर विकता येते, पण तिथे विकणारा आणि घेणारा या दोघांकडूनही प्रत्येकी १५ टक्के शुल्क घेतले जाते. नाकारलेल्या माणसाने वर हे शुल्कही भरायचे, यातला न्याय मला तरी कळलेला नाही.

घरी टीव्हीवर सामना अधिक चांगला दिसतो, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्यांचे म्हणणे खरेच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या संघांच्या २०२४ च्या कोपा अमेरिका स्पर्धेचा मायामीतला अंतिम सामना प्रवेशद्वारांवरच्या गोंधळामुळे एक तासाहून अधिक उशिरा सुरू झाला, हेही मी विसरलेलो नाही. तरीही ज्याला जायचेच आहे, त्याने संघ निवडण्याऐवजी शहर निवडावे, असे माझे मत आहे. ज्या शहरात गटातले चार-पाच सामने आणि बाद फेरीचा एखादा सामना आहे, तिथे रद्द करता येईल अशी खोली घ्यावी, व्हिसाचा अर्ज सर्वांत आधी करावा, आणि आपला संघ तिथे आला तर ते नशीब समजावे. हा सल्ला कट्टर पाठीराख्यांना रुचणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने संघाविना स्पर्धा म्हणजे परक्याच्या लग्नात जेवून येणे. मी असा जेवून आलो आहे आणि जेवण उत्तम होते.

२०३० चा विश्वचषक तर सहा देशांत आणि तीन खंडांत होणार असून त्यातले पहिले तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे येथे, तर उरलेली सगळी स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे. तेव्हा हा प्रश्न एका स्पर्धेपुरता राहिलेला नाही. आपल्या पुरवणीने तिकिटांच्या दरांबरोबरच कोणत्या गटातला कितवा संघ कोणत्या शहरात जाऊ शकतो याचा तक्ता, प्रत्येक यजमान देशाच्या प्रवेशाच्या अटी आणि आरक्षण रद्द केल्यास काय परत मिळते याची माहिती एकाच पानावर छापावी, अशी विनंती आहे. समारातल्या त्या खोलीच्या आरक्षणात ‘परतावा नाही’ असे स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या मित्राने ते वाचले, पण जर्मनी हरल्यानंतर.

आपला,
एक नियमित वाचक