भाकरी आहे, पण ताटात डाळ किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुरड्याचा हंगाम आला की मालदांडी ज्वारीच्या कौतुकाला आपल्याकडे भर येतो. ते कौतुक सार्थच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, रब्बी ज्वारीवरचे संशोधन मोहोळला आणि सोलापुरात होते, आणि कडक भाकरी आता पाकिटात बसून परगावी जाते. पण या कौतुकाला एक शेपूट जोडले जाते आणि ते घातक आहे : 'भाकरी खातो, म्हणजे साखरेची काळजी नाही.' मधुमेहाचे निदान झाल्यावर पोळी बंद करून भाकरी सुरू केली आणि तरी साखर हलेना, अशी तक्रार शहरात सर्रास ऐकू येते. दोष भाकरीचा नाही. ताटात तिच्या शेजारी काय आहे आणि ती किती आहे, हे कोणी पाहत नाही.

आधी भाकरीचा हिशेब. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने, ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतू असतात. गव्हाच्या कोंड्यासकट पिठाचे आकडे याच्या फार दूर नाहीत. पांढऱ्या तांदळापेक्षा मात्र ज्वारी तंतूंच्या बाबतीत बरीच सरस. मध्यम आकाराच्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते. दोन्ही वेळेला तीन-तीन भाकरी म्हणजे दिवसाला साधारण ४०० ग्रॅम पीठ झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बैठे काम करणाऱ्या, २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला दिवसभराचे सगळे धान्य मिळून २५० ग्रॅम सांगितले आहे. शेतात किंवा मागावर राबणाऱ्याला जास्त लागते, हे उघड आहे. पण दुकानात गल्ल्यावर बसणारा आणि दिवसभर नांगर धरणारा एकाच मापाने भाकरी मोडत असेल, तर पहिल्याचे पोट पुढे येणारच.

कडक भाकरीत फसगत अधिक होते. तिच्यातले पाणी उडालेले असते, त्यामुळे ती हलकी लागते आणि आमटीत चुरता चुरता तीन-चार कधी संपल्या ते कळत नाही. पाकिटावरच्या निव्वळ वजनाला आतल्या नगांनी भागा. येईल तो आकडा जवळजवळ पिठाचाच धरा.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आणि साडेतेरा कोटींहून अधिक मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक असल्याचे दाखवले. त्याच पाहणीतल्या आहाराचे विश्लेषण २०२५ मध्ये आले. आपण सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो, हे त्यातून दिसले. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणून एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर धोका कमी होताना दिसला नाही. कर्बोदकांतल्या थोड्या कॅलरी काढून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही यांतली प्रथिने घातली, तेव्हा तो कमी दिसला. म्हणजे एक भाकरी कमी आणि एक वाटी घट्ट डाळ जास्त, असा हा सौदा आहे.

आणि नेमकी तिथेच आपली बाजू लंगडी आहे. पाच माणसांच्या आमटीला एक मूठ तूरडाळ, म्हणजे जेमतेम ५० ग्रॅम, आणि वर तांब्याभर पाणी. माणशी १० ग्रॅम डाळ, त्यातून प्रथिने फक्त सव्वादोन ग्रॅम. चवीला झणझणीत, अंगाला शून्य. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो आणि तो डाळींत भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले तरच ती प्रथिने शरीराला नीट वापरता येतात. पिठले-भाकरी हा जुना मेळ पोषणाच्या दृष्टीनेही पक्का आहे, फक्त पिठले वाटीभर हवे, भाकरीला लावण्यापुरते नव्हे.

आपले घर कुठे आहे ते कळायला रक्त तपासायची गरज नाही, महिन्याची किराण्याची यादी पुरते. वरच्याच मार्गदर्शक तत्त्वांत डाळी-कडधान्ये दिवसाला माणशी ८५ ग्रॅम आहेत. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ती सव्वादहा किलोच्या आसपास जातात. यादीत सगळ्या डाळी मिळून ३ किलो असतील, तर माणशी २५ ग्रॅम. धान्याचा आकडा त्याच मापाने ३० किलो येतो, आणि बैठ्या कामाच्या घरातही तो ४५ वर गेलेला दिसेल. अंडी, मासे, मटण नियमाने खाणाऱ्यांना डाळ थोडी कमी चालते. महिन्यातून एका रविवारी रस्सा ओरपणाऱ्यांनी ही सवलत घेऊ नये.

दहा किलो डाळ परवडत नाही, ही अडचण खरी आहे. रेशनवर प्राधान्य गटाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, डाळ मात्र बहुतेक वेळा बाजारभावाने आणावी लागते. त्यामुळे पोट धान्याने भरणे हा गरिबाचा आळस नसून सरळ हिशेब आहे. म्हणून तुरीवर अडून राहू नये. मटकी, हुलगे, चवळी, हरभरे चालतात, आणि ३ वरून निदान ६ किलोवर तरी यावे. हुलग्याचे माडगे विस्मरणात गेले, याचे वाईट वाटते. हुलगे भाजून दळून ठेवावेत. दोघांसाठी ६० ग्रॅम पीठ गार पाण्यात कालवून घ्यावे आणि मग लसूण-जिऱ्याच्या उकळत्या पाण्यात सोडावे. कोरडे पीठ थेट उकळीत टाकले की गुठळ्या होतात आणि आत कच्चे राहते. माणशी साडेसहा ग्रॅम प्रथिने, तीही बाजारातल्या कुठल्याही प्रोटीन पावडरीच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्तात.

मटकीला मोड आणताना आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात घोटाळा होतो. भिजवणे ८ तास पुरे. पाणी पूर्ण निथळून सुती कापडात बांधावी, दर पाच-सहा तासांनी धुऊन पुन्हा निथळावी. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, थंडीत एक दिवस लागतो. तळाशी पाणी साचले तर मटकी आंबूस वास मारते आणि बोटाला तार सुटते. ती शिजवून वाचवायची नसते, टाकायची असते. गरोदर बायका, लहान मुले आणि म्हाताऱ्यांना मोड कच्चे देऊ नयेत, पाच-सात मिनिटे वाफवून द्यावेत.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत भात मुख्य. तिथे भात सोडा म्हणून सांगणे म्हणजे हवेत काठी फिरवणे. शिजलेला भात दीड वाटीवर ठेवून पप्पू, म्हणजे घट्ट वरण, एक वाटीवर नेले आणि अंबाडी, चुका, पालक डाळीतच शिजवला तरी ताट बरेच सावरते. पालेभाजी आणि वरण आधी खाऊन भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. हा क्रम भाकरीलाही लागू आहे.

शेंगा चटणीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी तिला तेलाचा गोळा म्हणून ताटातून काढते, कोणी वाटीभर खाते. २५ ग्रॅम चटणीत सहा ग्रॅम प्रथिने, बारा ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे १४० कॅलरी. दोन चमचे चटणी हे चांगले अन्न आहे. वर तेलाची धार सोडली की दर चमच्यामागे ४५ कॅलरी वाढतात, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेल्या चटणीला त्या धारेची गरजही नसते. मीठ किलोभर दाण्यांना १५ ग्रॅमवर आणावे. लसूण आणि जिरे वाढवले की उणीव जाणवत नाही. खरी काळजी दाण्यांच्या निवडीची. सुरकुतलेले, काळपट, बुरशी चढलेले दाणे भाजण्याआधीच काढावेत, कारण बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर जाते आणि भाजण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. कडू लागलेला दाणा गिळायचा नाही, थुंकायचा.

पिठाचेही एक सांगायला हवे. महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, चव कडवट होते. मग त्यात मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळले जाते. आठ-दहा दिवसांचेच दळावे आणि कोंडा चाळून फेकू नये.

मीठ, तेल, साखर यांचाही ताळा यादीवरच होतो. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे, म्हणजे चौघांना महिन्याला फार तर ६०० ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, पावातले मीठही आले. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर रक्तदाबाच्या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका. तेल दिवसाला २७ ग्रॅम, चौघांना साधारण साडेतीन लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात उडत असेल तर तळण कुठे होते ते शोधा. वरून घेतलेली साखर आणि गूळ मिळून माणशी २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. दोन चमचे साखरेचे चार चहा झाले की ही मर्यादा ओलांडलीच. गुळाचा चहा यातून सुटत नाही.

चहाची वेळही चुकते. जेवणाबरोबर किंवा लगेच मागून घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या, चहा-टोस्टवर दुपार काढणाऱ्या बाईला हे सर्वात आधी सांगायला हवे. जेवण आणि चहात एक तास अंतर, आणि भाकरी-भाजीवर अर्धे लिंबू.

यंत्रमागाच्या रात्रपाळीत वेगळाच प्रश्न आहे. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, तेच ताट दुपारपेक्षा मध्यरात्री जास्त साखर वाढवते. मुख्य जेवण पाळीआधी सातच्या सुमारास करावे. मध्यरात्री दही, उकडलेले हरभरे, अंडे किंवा एखादे फळ एवढेच, वडापाव नाही. सकाळी घरी येऊन हलके खाऊन झोपावे.

उपवासाबद्दल पंढरपूरच्या जिल्ह्यात लिहायचे म्हणजे जपून, पण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. राजगिरा, भगर, ताक, दाणे बरे. भगरीचे पीठ मात्र ताजेच दळावे, दमट जागी ठेवलेल्या जुन्या पिठाला बुरशी लागून विषबाधा होते.

एक इशारा आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न सांगता एकदम भाकरी कमी करू नये, कडक उपवासही करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळ वाढवणे आणि पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचे' मीठ वापरणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. बाकीच्यांनी तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ साखर म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, आणि ताट बदलण्याचा सर्वात जास्त फायदा याच टप्प्यावर होतो. घरी शिवणाची टेप असतेच. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर तपासणी लांबवू नये.

शेवटी दोन मागण्या. रेशनवर सणासुदीपुरती नव्हे, तर दर महिन्याला डाळ किंवा मटकी-हरभऱ्यासारखे कडधान्य मिळावे आणि ते शक्यतो जिल्ह्यातच पिकलेले असावे. दुसरी मागणी पालकांकडे. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेले आहे. पाचवीपर्यंतची शंभर मुले जेवली तर त्या दिवशी २ किलो शिजायला हवे, वरच्या वर्गांची शंभर असतील तर ३ किलो. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक असतात. त्यांनी आठवड्यातून एकदा, शिजवण्याआधी, वजनकाट्यापाशी उभे राहावे.

आपले,
आहार व सामुदायिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही सोलापूरकर
सोलापूर