लकवा मारला की आधी घड्याळ बघा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातली दुपार होती, आमच्या मोठेबाबांच्या हातातून चहाचा कप निसटला नं ते जीभ जड झाल्यासारखं बोलून राहिले होते, तर घरातल्या सगळ्यांचं एकच, ऊन लागलं. नागपुरात मे मध्ये दुसरं काय सुचणार म्हणा. कैरीचं पन्हं पाजलं (लकव्यात ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकतं हे नंतर कळलं), कूलरसमोर झोपवलं, आणि संध्याकाळी उजवा हात उचलेचना तेव्हा कुठं मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी बीपी पाहिलं, बीपी उतरवायला जिभेखाली गोळी ठेवली, सलाईन लावली आणि म्हणाले उद्या सीटी (डोक्याचा स्कॅन) करून घ्या. उद्या! रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी लागतोच, कारण मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला हे वरून बघून कोणालाच सांगता येत नाही आणि रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. बीपी एकदम खाली आणलं तर मेंदूचा जो भाग कसाबसा तग धरून असतो तोही जातो.

तिसऱ्या दवाखान्यात पहिलाच प्रश्न, "शेवटचे नीट कधी बोलले होते?" कोणी म्हणे दोन, कोणी म्हणे चार. मोठेबाबा आता डाव्या हातानं जेवतात.

तोंड वाकडं झालं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक झालं तरी वेळ लिहून ठेवा नं १०८ ला फोन करा, एवढं लोक शिकतील हो. पण मला विचाराल तर आधी क्लिनिकवाल्या डॉक्टरांना शिकवा. शुगर बघा (ती घसरली तरी असंच दिसतं), सलाईनच्या भानगडीत न पडता पेशंट पुढे पाठवा आणि तिकडे फोन करून सांगा म्हणजे सीटीवाला तयार राहील.

तुम्हाला एकच विनंती. रात्री २ वाजता सीटी आणि हे इंजेक्शन दोन्ही कुठं मिळतं, मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं नं प्रायव्हेट, सगळ्यांना विचारून फोन नंबरसकट एक चौकट छापा. कापून फ्रिजवर लावू.

— एक वाचक, सक्करदरा, नागपूर