‘कऱ्हाड’ नीट उमटेपर्यंत थांबलेल्या दादांना

सप्रेम नमस्कार, दादा.

नाव छापू नका, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं दादा. पत्र मात्र उघड लिहितो आहोत. वाचनालयाच्या संगणकाचा हरवलेला डेस्कटॉप तुम्ही परत आणलात, त्याबद्दल वाचनालयाच्या वतीने तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, आणि असाच काळा पडदा समोर घेऊन बसलेल्या कुणाला तरी यातलं काही उपयोगी पडावं अशीही इच्छा आहे.

यंत्र साधंच आहे. डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, एक्सएफसीई ४.१८ चा डेस्कटॉप, एनव्हिडियाचं जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड आणि १६००×९०० चा मॉनिटर. त्यावर ग्रंथसूची, देवघेव आणि अधूनमधून एखादं पत्र, एवढंच काम चालतं. अशा कामाला ते अजून कितीतरी वर्षं पुरेल. तरीही तुमच्याआधी तिघे जण त्याला हात लावून गेले, आणि तिघांनीही मागे एकेक अडथळा ठेवला.

पहिल्याने कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, डेबियनच्या भांडारातून न घेता कंपनीची ‘.रन’ फाइल उतरवून बसवला. ४७० ची मालिका निवडली, हे त्याचं बरोबर होतं. जीटी ७१० केप्लर पिढीचं आहे आणि त्या पिढीला ४७० च्या पुढचे ड्रायव्हर ओळखतच नाहीत. पण ड्रायव्हर असा बसवला की कर्नलचं मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला जोडायचा तुकडा) त्या दिवशीच्या कर्नलपुरतंच तयार होतं. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं डीकेएमएस जोडलेलं नसेल, त्याला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील, तर पुढच्या सुरक्षा-अपडेटला नवा कर्नल येतो आणि त्याच्यासाठी मॉड्यूलच नसतं. त्यात त्या इन्स्टॉलरने नूवो हा मुक्त ड्रायव्हर काळ्या यादीत टाकलेला, आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्सऑर्गच्या (थोडक्यात ‘एक्स’च्या) कॉन्फ फाइलीत ‘एनव्हिडियाच हवा’ असं लिहून ठेवलेलं. एक ड्रायव्हर नाही, दुसऱ्याला बंदी. एक्स सुरू होणार कसं?

दुसऱ्याने यंत्र सुरू करून देणाऱ्या ग्रबमध्ये ‘नोमोडसेट’ हा पर्याय घातला. एक वेळ आत शिरण्यापुरता तो उपाय ठीक आहे. कायमचा ठेवला, तर कर्नल पडद्याचा ताबाच घेत नाही आणि नूवोही चालत नाही. तिसऱ्याने रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या, अधिकाराने, पण होम फोल्डर वापरकर्त्याचंच ठेवून एक्स चालवून पाहिलं. त्यामुळे एक्समध्ये शिरण्याची परवानगी ठेवणाऱ्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलीची मालकी रूटकडे गेली. मग लॉगिनचा पडदा दिसला, तरी पासवर्ड टाकल्यावर क्षणभर काळोख आणि पुन्हा लॉगिनच दिसणार. पासवर्ड चुकतोय असं वाटत राहतं आणि माणूस तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

या तिघांपैकी एकानेही लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली नोंद, उघडून पाहिला नव्हता. शेवटच्याने तर ‘हे लिनक्स काढून टाका, नवीन कार्ड घ्या’ असं सांगून दोन फेऱ्यांचे पैसे घेतले. त्याचा राग अजून गेलेला नाही. पैशांपेक्षा त्याच्या त्या बोलण्याचा जास्त. वाचनालयाने विचारपूर्वक निवडलेल्या गोष्टीला त्याने न बघताच टाकाऊ ठरवलं.

तुम्ही आलात तेव्हा आधी वही मागितलीत. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर गेलात, एक्सऑर्गचा लॉग उघडलात आणि कंसात दोन ‘ई’, म्हणजे चुकीची खूण, असलेल्या ओळी तेवढ्या गाळून काढल्यात. ‘एनव्हिडिया मॉड्यूल लोड झालं नाही’ आणि शेवटी ‘नो स्क्रीन्स फाउंड’. बहुतेक लोक शेवटची ओळ वाचून मॉनिटर बिघडला म्हणतात. तुम्ही तिच्या वरची ओळ बोटाने दाखवलीत आणि म्हणालात, “खरं कारण इथं असतं. खालची ओळ नुसता परिणाम आहे.” हे वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं आहे.

मग जे जोडलं गेलं होतं, ते एकेक करून उतरवलंत. ‘.रन’ वाला ड्रायव्हर त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढलात. ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमधली नूवोला बंदी घालणारी फाइल बाजूला केलीत. एक्सऑर्गची कॉन्फ फाइल पुसली नाहीत, नाव बदलून तारखेसकट ठेवलीत. ‘नोमोडसेट’ काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवलंत. यंत्र सुरू होताना आधी वाचली जाणारी इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधलीत, कारण तिच्या आत जुनी काळी यादी शिल्लक राहते आणि मग सगळं बरोबर करूनही फळ मिळत नाही. ‘.एक्सऑथॉरिटी’ची मालकी ज्याची त्याला दिलीत. नवीन कार्ड विकत घ्यावं लागलं नाही. ग्रंथसूचीच्या कामाला नूवो पुरतो, आणि तो कर्नलबरोबरच येत असल्याने कर्नल बदलला की मागे राहत नाही.

डेस्कटॉप आला, पण १०२४×७६८ वर. अक्षरं फुगलेली, बाजू ताणलेल्या. ‘आलं ना, झालं’ म्हणून निघून जायला ही जागा सोयीची होती. तुम्ही ‘सिस’ फोल्डरमधली मॉनिटरची ईडीआयडी, म्हणजे त्याची ओळख सांगणारी फाइल पाहिलीत, ती रिकामी निघाली. म्हणजे मॉनिटर आपली ओळख सांगत होता, पण ती कार्डापर्यंत पोचत नव्हती. दोष व्हीजीए केबलचा होता. तिची १२ आणि १५ क्रमांकाची पिन हीच बातमी नेतात, आणि स्वस्त केबलीत पिन दिसली तरी आत तार असेलच असं नाही. (९ क्रमांकाची पिन नसली तर घाबरू नये, तिच्यावाचून बहुधा अडत नाही.) दुसरी केबल मिळेपर्यंतची सोय म्हणून ‘सीव्हीटी’ या आज्ञेने १६००×९०० ची मोडलाइन, म्हणजे पडद्याच्या मापाची ओळ, काढलीत, ११८.२५ मेगाहर्ट्झची, आणि ‘एक्सरँडर’ने ती लावलीत. तोच प्रयोग १३६६×७६८ च्या मॉनिटरवर केला तर ‘सीव्हीटी’ १३६८ देतं, कारण ते रुंदी आठाच्या पटीत धरतं, हेही जाता जाता सांगितलंत. नवी केबल लावली तेव्हा ती मोडलाइन काढून टाकायलाही विसरला नाहीत.

पण हे पत्र लिहायला बसवलं ते याच्यानंतरच्या पाच मिनिटांनी.

पडदा नीट दिसत होता, बॅग भरून झाली होती. तुम्ही कीबोर्ड उचललात आणि देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंसमोर सरकवलात. “ताई, तुम्हाला रोज लागणारा एखादा अवघड शब्द टाइप करा,” म्हणालात. त्यांनी ‘कऱ्हाड’ लिहिलं. प्रकाशनस्थळ म्हणून तो शब्द त्यांना सतत लागतो. टाइप करण्याची सोय देणाऱ्या आयबसमधला मराठी इनस्क्रिप्ट-२ हा कीबोर्ड होता. के, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई, आणि चौकटी कंस. र चा तो आडवा फराटा ह च्या अंगाला बरोबर लागला. ताई हसल्या. तुम्ही मात्र म्हणालात, “आता हाच शब्द सूचीत शोधा.”

काही पुस्तकं आली, काही नाहीत. नजरेला सगळीकडे ‘कऱ्हाड’च दिसत होतं. तुम्ही दोन नोंदींतली अक्षरं सुटी करून दाखवलीत: एकीत युनिकोडमधला यू+०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह. युनिकोड दुसरी रीत जुन्या मजकुराशी जुळवून घेण्यासाठी चालू देतं, म्हणून दोन्हींचं चित्र एकच उमटतं, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द असतात. वर्षानुवर्षं ज्यांनी नोंदी केल्या, त्यांचे कीबोर्ड वेगवेगळे होते, त्याचा हा परिणाम. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘वाऱ्यावर’, सगळ्यांचं असंच. वाचक पुस्तक मागायचा, ताई शोधायच्या आणि ‘नाही आमच्याकडे’ म्हणायच्या. पुस्तक मात्र पाठीमागच्या कपाटात असायचं.

हे काम तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते डेस्कटॉपच्या दुरुस्तीत धरताही आलं नसतं. तुम्ही बॅग पुन्हा खाली ठेवलीत, सूचीची प्रत काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलीत आणि मगच दुसऱ्या रीतीचे सगळे ऱ पहिल्या रीतीत आणलेत. जाताना ‘एफसी-मॅच’ने मराठीसाठी कुठला फाँट निवडला जातो तेही पाहून गेलात.

समोरच्याला काय लागतं, हे त्यालाच विचारणारी माणसं कारागिरांत असतात, डॉक्टरांत असतात, एसटीच्या कंडक्टरांतही असतात. ताईंसमोर कीबोर्ड सरकला तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी ते यंत्र त्यांचं आहे असं मानलं. आधीचे तिघे त्यांना “जरा बाजूला व्हा” म्हणाले होते. ताई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी घरी जाताना त्यांनी कीबोर्डवरची धूळ पुसून वर रुमाल घातला, तो आता रोज घालतात.

दादा, तुमचा वहीतला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. काय काढलं, कुठे ठेवलं, परत आणायचं तर कसं, सगळं त्यावर आहे. त्याखाली एक ओळ आम्ही वाढवली आहे: कर्नलचं अपडेट आलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, डेस्कटॉप १६००×९०० वर आपोआप आला.

आपले ऋणी,
वाचनालयाचे संगणक सांभाळणारे