ज्युनिअरमधले गोल नुसते मोजू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीची बातमी वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात हा खेळ दिसतो तरी कुठे. पण त्यात एका पोराच्या गोलांचा आकडा देऊन हा आता एनएचएल (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग) गाजवणार असं छातीठोकपणे लिहून टाकलंय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी कॅलगरीत राहतो. इथल्या हिटमेन ह्या ज्युनिअर टीममध्ये पावेल ब्रेंडल नावाचा एक चेक मुलगा होता, १९९८-९९ च्या सीझनमध्ये ६८ मॅचमध्ये ७३ गोल! एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्सनी १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे एनएचएलच्या टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात) त्याला चौथ्या नंबरवर उचललं, पण रेंजर्सकडून तो एनएचएलची एकही मॅच खेळला नाही, त्याआधीच त्याला दुसरीकडे ट्रेड केलं, आणि एनएचएलमधली त्याची सगळी कमाई म्हणजे ७८ मॅच आणि ११ गोल.

आता उलटं बघा. अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅट, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. इरी ऑटर्स ह्या ज्युनिअर टीमकडून पहिल्याच वर्षी ५१ गोल केले तेव्हा लोक म्हणाले की अरे शेजारी कॉनर मॅकडेव्हिडसारखा स्टार असल्यावर कोणीही करेल. मॅकडेव्हिड २०१५ मध्ये एनएचएलला गेला, तरी ह्याचे पुढच्या वर्षी परत ५१ (डिलन स्ट्रोम हा दुसरा चांगला प्लेअर अजून टीममध्ये होता हेही खरं). तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये शिकागोच्या टीमनी त्याला घेतलं ते ३९ व्या नंबरवर, म्हणजे ३८ वेळा दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्यानंतर अजून एक वर्ष ज्युनिअरमध्येच खेळून ६५, मग एनएचएलच्या पहिल्या सीझनला २८ आणि दुसऱ्याला ४१ गोल केले त्याने.

म्हणजे गोल किती ह्यापेक्षा ते आले कसे ते बघायला पाहिजे. ज्युनिअरमध्ये १६ ते २० वर्षांची पोरं एकत्र खेळतात, त्यात १९ वर्षांचा तगडा गडी १६ च्या पोराला अंगानेच बाजूला सारून गोल मारतो, आणि ते एनएचएलच्या डिफेन्समनपुढे चालत नाही. पॉवर प्लेवर समोरचा एक प्लेअर बाहेर बसलेला असतो तेव्हाचे गोल किती आणि पाचास पाच असताना किती, हे तर वेगळं सांगायलाच हवं. शॉट्स किती मारले तेही बघा, कारण थोड्याच शॉट्सवर ढीगभर गोल झाले असतील तर पुढच्या वर्षी तो आकडा बहुतेक खाली येतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. रिंक तेवढीच आहे, २०० बाय ८५ फूट, पण ज्युनिअरमध्ये पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) काठीवर आल्यावर मान वर करून गोलकीपरकडे बघायला जी सवड मिळते ती वरती एनएचएलमध्ये मिळतच नाही, पास आला की तिथूनच शॉट सुटला पाहिजे, आणि त्याआधी त्या मोकळ्या जागेत पोचायला पायात स्केटिंगही पाहिजे. डेब्रिंकॅटचा शॉट असा पटकन सुटतो म्हणून उंची आड आली नाही. आणि नुसता गोल मारणारा प्लेअर पहिल्या दोन लाइनमध्ये (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड, टीमच्या अशा चार असतात) बसला नाही तर त्याचं काय करायचं हा कोचपुढे प्रश्नच असतो, चौथ्या लाइनला मागे येऊन पक काढून घेणारे लागतात.

ही पोरं सतरा-अठरा वर्षांची असतात हो, पेपरात आलेलं घरचे वाचतात, शाळेत मित्र वाचतात, आणि मग पुढे गोल आटले की तेच लोक नावं ठेवतात. त्यामुळे विनंती एवढीच की पुढच्या वेळी गोलांच्या बरोबर वय, पॉवर प्लेचे गोल, एकूण शॉट्स आणि लाइनमध्ये शेजारी कोण खेळत होतं एवढं तरी छापा, इथल्या लीगच्या वेबसाइटवर यातलं बरंचसं फुकट मिळतं.

आपला एक वाचक,
कॅलगरी, कॅनडा