माशाचे पर आणि मुलीचा दगड जपणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

आमच्या फायटर माशाची फाटलेली शेपटी पाहायला येऊन आपण आमच्या घरून गेलात, त्या संध्याकाळपासून हे पत्र मनात घोळत आहे. समोरासमोर आभार मानू लागले की आपण हात हलवून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत एखादा फायटर मासा आहे, त्यांच्यापर्यंतही आपले सांगणे पोहोचावे, असा त्यामागे हेतू आहे.

आपण येण्यापूर्वी आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांच्याविषयीचा राग अजून शमलेला नाही, हे लपवत नाही. ज्या दुकानातून मासा आणला त्याच दुकानाने चकचकीत रंगाचे खडे, ताठ पानांची प्लॅस्टिकची झाडे आणि खिडक्याच खिडक्या असलेला एक किल्ला टाकीसाठी म्हणून दिला. थोड्याच दिवसांत माशाच्या निळ्या शेपटीच्या कडा चिरल्यासारख्या दिसू लागल्या. विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘फायटरचे असेच असते, दुसरा घेऊन जा, स्वस्तात देतो.’ दुसऱ्या दुकानाने तर माशाचे छायाचित्र न पाहताच औषधाची बाटली हाती ठेवली. आणखी एका जाणत्याने पाणी शुद्ध राहावे म्हणून टाकीत तांब्याचे नाणे टाकण्याचा सल्ला दिला. पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषारी ठरू शकते, हे आपण सांगितले नसते तर त्या सल्ल्याचा परिणाम काय झाला असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. मासा दुसरा मिळतो, हे खरे आहे. परंतु माझी मुलगी सकाळी उठल्याबरोबर ज्याच्याशी बोलते, तो मासा दुसरा मिळत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्यापैकी एकालाही सुचली नाही.

आपण आलात ते भर उन्हाचे, पाणीसुद्धा न पिता आधी टाकीसमोर बसलात आणि बराच वेळ नुसता मासा पाहत राहिलात. मग एक जुना नायलॉनचा पायमोजा मागवून तो त्या प्लॅस्टिकच्या झाडावरून अलगद ओढलात. पानाच्या प्रत्येक टोकाला धागा अडकला. ‘जिथे धागा अडकतो तिथे पर फाटतो,’ एवढेच आपण म्हणालात, आणि कुठल्याही औषधाच्या बाटलीवर न लिहिलेले कारण आम्हाला कळले. किल्ल्याच्या खिडक्या आपण बोटाने चाचपल्या, आतली खरखरीत कड मुलीच्या बोटालाही जाणवून दिली, आणि डोके आत जाईल पण अंग अडकेल अशा भोकात मासा कसा सापडतो, तेही समजावले. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या आणि वनस्पतींनी भरलेल्या संथ, उथळ पाण्यातला. त्याचे हे लांब, झुलते पर माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून वाढवलेले. म्हणजे ज्या परांचे कौतुक करून आपण त्याला घरी आणतो, त्याच परांमुळे तो जड आणि नाजूक झालेला असतो, तेव्हा त्याच्या भोवतालचे सारे मऊ आणि गुळगुळीत ठेवणे हे आपले कर्तव्य ठरते, असे आपण म्हणालात. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून टाकी सजावटीने कितीही भरावीशी वाटली तरी वर जाण्याची वाट मोकळी ठेवायची, हे मुलीने वहीत लिहून घेतले आहे. थायलंडने २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, ही आपण सांगितलेली माहिती तर तिने शाळेत सर्वांना ऐकवली.

परंतु हे पत्र ज्यासाठी लिहीत आहे ती गोष्ट वेगळी आहे.

टाकीत मधोमध एक दगड होता. माझ्या सासऱ्यांच्या शेतात विहीर खोदताना निघालेला, एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला. जळगाव परिसरातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे ॲपोफिलाइट, स्टिलबाइट यांसारखे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जातात, हे आपल्या भागात अनेकांना ठाऊक आहे. माझ्या मुलीसाठी मात्र तो फक्त आजोबांचा दगड होता. आजोबा गेल्यापासून ती तो कोणाला हात लावू देत नसे. आपण त्याकडे पाहिलेत तेव्हाच तिचा चेहरा उतरला, कारण किल्ला आणि झाडे बाहेर निघालेली तिने नुकतीच पाहिली होती. आपण खाली वाकून तिला आपल्या अहिराणीत विचारलेत, ‘माय, हाऊ दगड तुना शे ना?’ ती मान हलवेपर्यंत आपण दगडाला स्पर्श केला नाही. तिच्या परवानगीने तो बाहेर काढला, पुसून कोरडा केला आणि ड्रॉपर तिच्याच हाती देऊन स्फटिकांवर व्हिनेगरचे थेंब टाकायला सांगितलेत. काळ्या बाजूला काही झाले नाही. पांढऱ्या बाजूला बारीक बुडबुडे आले. हे कॅल्साइट आहे, ते पाण्यात हळूहळू विरघळते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या आधीच जड, म्हणजे क्षारांनी भरलेल्या, पाण्याला आणखी जड करते, असे आपण तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. शंख, शिंपले, पोवळे, संगमरवराचे तुकडे यांचेही तेच.

इथवर कोणीही जाणकार आला असता. आपण पुढे जे केलेत ते मात्र मी विसरू शकत नाही. आपण तो दगड तिच्या हातात दिलात, टाकी भिंतीपासून वीतभर पुढे ओढलीत, आणि टाकीच्या मागे, काचेला लागून, तो दगड तिलाच ठेवायला लावलात. समोरून पाहिले तर तो पाण्यातच आहे असे वाटते. मासा त्याच्यासमोरून पोहत जातो, आणि पाण्यात एक कणही उतरत नाही. अण्णा, ‘हा काढून टाका’ एवढे म्हणणे किती सोपे होते! शास्त्राच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. आपण माशाला सुरक्षित केलेत आणि त्यासाठी एका लेकराच्या मनाला ओरखडा उमटू दिला नाहीत.

बाकीची सजावट आपल्या सांगण्याप्रमाणे केली आहे. कुंभाराकडचे बिनरंगाचे लहान मडके, त्याची कड पॉलिशपेपरने घासून, आडवे ठेवले आहे. गिरणेच्या पात्रातले गोल झिजलेले काळे गोटे व्हिनेगरने पारखून, उकळत्या पाण्याने धुऊन घातले; खडीकेंद्रावरची धारदार खडी आणू नका, ही आपली सूचना लक्षात होती. कॉलनीतल्या देशी बदामाची, फवारणी नसलेल्या झाडाखाली पडलेली वाळकी पाने धुऊन टाकल्यावर पाणी चहासारखे तांबूस झाले, तेव्हा घाबरलो नाही, कारण आपण आधीच बजावले होते.

ज्यांना या जीवांची माहिती असते अशी माणसे खानदेशात पुष्कळ आहेत. माहिती असूनही समोरच्याचे ऐकून घेणारी, गिऱ्हाईक नसलेल्या घरी उन्हातान्हात येणारी, आणि मुठीएवढ्या जीवासाठीही हातचे काम बाजूला ठेवणारी माणसे अजून आहेत, याचा मला आधार वाटतो. दुकानदारांनी निदान इतके करावे, की टोकदार झाड विकण्यापूर्वी त्यावरून एकदा धागा फिरवावा. त्याला खर्च काही नाही.

माशाच्या शेपटीच्या कडेला आता पारदर्शक, नवा पर फुटू लागला आहे. पाणी २४ ते २८ अंशांत राहावे म्हणून थंडी पडण्याआधी हीटर लावणार आहोत, आणि त्याला जाळीचे आवरण हवे का, हा माझा प्रश्न आहे. मुलीचा प्रश्न वेगळा आहे: मडक्याच्या तोंडाशी जावा फर्न ही पाणवनस्पती बांधावी की अनुबियास? दोन्हींचे आडवे, जाड खोड गोट्यांत पुरायचे नाही, एवढे तिला आठवते आहे. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की कळण्याची भाकरी आणि भरीत खायला घरी यावे आणि दोन्ही प्रश्न टाकीसमोर बसून सोडवावेत, ही विनंती.

आपली ऋणी,
एक आई, जळगाव