कॉम्प्युटरवाल्या दादाला, त्या रिकाम्या रांगेबद्दल

दादा, अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. त्या दिवशी दुकानात गर्दी होती म्हणून धड थँक्यू पण म्हणता आलं नाही. घरी येऊन स्क्रीन उघडली आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनसाठी कोणी रडतं का म्हणून लोक हसतील, हसू देत.

बावीस वर्षं झाली मी सांगलीत दुकानदारांचे हिशोब लिहितेय, किराणावाले, दोन मेडिकल, एक हार्डवेअर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या लॅपटॉपवर ११ काही बसेना, म्हणून नवीन घेतला. जिथून घेतला तिथल्या माणसानेच डेटा टाकून दिला आणि वर "काकू, केवढा पसारा!" म्हणत सगळं एका फोल्डरमध्ये कोंबलं, त्याचं नाव काय तर न्यू फोल्डर. जे उरलं त्याला ऑटो अरेंज लावून शाळेच्या प्रार्थनेला उभं करतात तसं डावीकडे ओळीने उभं केलं. मी कुरकुर केली तर म्हणे सर्च करायचं ना. अरे पण २० तारीख जवळ आली, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, थ्रीबी, भरायची घाई असली की मी नावं वाचतच नाही, जागा बघून क्लिक करते! घरी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला मावशी सवय होईल. सगळ्यांना माझी सवयच बदलायची होती.

मग दोन्ही लॅपटॉप पिशवीत घालून तुझ्याकडे आले. तू जुना उघडलास, नव्याच्या शेजारी ठेवलास आणि काही न बोलता नुसता बघत बसलास. मला वाटलं झालं, आता हा पण पसारा म्हणणार. आणि तू विचारलंस, "काकू, ही मधली एक रांग मुद्दाम रिकामी ठेवलीय का?"

हो रे, मुद्दाम! डावीकडे रिटर्न भरायचे राहिलेले, उजवीकडे भरून झालेले, आणि मध्ये एक रांग मोकळी, घाईत चुकून इकडचं तिकडे क्लिक होऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत घरातल्या कोणाला ती दिसली नव्हती, आणि तुला पाच मिनिटांत दिसली. तू ऑटो अरेंज काढलंस, एकेक आयकॉन जुन्यात बघून बघून जागेवर नेलास आणि ती रांग तशीच मोकळी सोडलीस.

बाकी पण बरंच केलंस. खालच्या पट्टीवर एक्सेलच्या सगळ्या फायलींची मेथीसारखी जुडी झाली होती ती सोडवलीस, आता प्रत्येक फाईल नावासकट वेगळी दिसते. माझी पट्टी आधी डाव्या बाजूला उभी असायची, ती मात्र "नाही येणार काकू, खालीच राहील" असं सरळ सांगितलंस, उगाच करून देतो म्हणून दोन हेलपाटे नाही घालायला लावलेस. आणि ते वेगवेगळे डेस्कटॉप, एका पार्टीला एक! किराण्याला पिवळा वॉलपेपर, एका मेडिकलला हिरवा, दुसऱ्याला वेगळा, कंट्रोल आणि विंडोजचं बटण दाबून बाणाने इकडून तिकडे. मागे एकदा एका मेडिकलचं खरेदीचं बिल मी दुसऱ्याच्या टॅलीत चढवलं होतं, टूबी, म्हणजे जीएसटीच्या साइटवर येणारी खरेदीची यादी, जुळेना म्हणून रात्री दीडपर्यंत शोधत बसले होते. आता रंग बघूनच कळतं कोणाच्या घरात आहे ते. डावीकडे टूबी, उजवीकडे परचेस रजिस्टर, अर्धी अर्धी स्क्रीन, मान पण दुखत नाही.

आमच्या गल्लीत एक टेलर होते, जुना ब्लाउज मापाला दिला की आधी विचारायचे, हा इथे सैल आहे तो आवडतो म्हणून की चुकलाय म्हणून? बास, एवढंच विचारायचं असतं रे. पण विचारायला वेळ लागतो, आणि कोऱ्या करकरीत दुकानात तो कोणाकडे नसतो.

पैसे पण तू दोनशेच घेतलेस, जास्त देत होते तर हात मागे घेतलास. या महिन्यात ११ तारखेपर्यंत भरायचे आर-वन, म्हणजे विक्रीचे रिटर्न, ९ लाच गेले. परवा भाच्याने त्या मधल्या रांगेत स्वतःच्या तिकिटाची पीडीएफ टाकली होती. बोलले त्याला, आणि उचलून बाजूला केली.